नऊ नंबरला गेलेलं इंजेक्शन आणि सात नंबरचा चुकलेला डोस

प्रश्न एका स्टाफ नर्सचा आहे. बेळगावजवळच्या एका तालुक्याच्या गावात, खासगी हॉस्पिटलमध्ये ती दीड वर्षापासून काम करते. आठ दिवसांपूर्वी नाईट ड्युटीला, दहाच्या राउंडला, बेड नंबर सातचं सेफ्ट्रायाक्झोन हे अँटिबायोटिक तिच्या हातून नऊ नंबरच्या पेशंटला गेलं. नऊ नंबरला काही झालं नाही, दोन दिवसांनी तो डिस्चार्ज घेऊन घरी गेला. तिनं कुणालाच सांगितलं नाही. आता सिरिंज हातात घेतली की हात थरथरतो, घरी गेल्यावर झोप लागत नाही. ती विचारते: सांगू का? सांगितलं तर रजिस्ट्रेशन जाईल का? आणि पुन्हा असं होऊ नये म्हणून काय करू?

तू मला ताई म्हणून लिहिलंस, म्हणून मीही अगं-तुगंच करते. बेळगावातच जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा केला, मेडिकल, सर्जिकल, आयसीयू असं फिरत सव्वीस वर्षं झाली, त्यातली शेवटची नऊ इनचार्ज म्हणून.

तुझं लिहिणं मी दोनदा वाचलं. नऊ नंबरबद्दल तू सगळं लिहिलंस. अंगावर पुरळ आलं नाही, दम लागला नाही, तू रात्रभर तीन-चारदा जाऊन बघून आलीस. सात नंबरबद्दल मात्र एक ओळही नाही. त्या रात्री त्याचा डोस चुकला. चार्टवर तुझी सही आहे, म्हणजे कागदावर त्याला औषध मिळालं. सकाळी डॉक्टर राउंडला आले असतील, त्याचा ताप बघितला असेल, आणि 'अँटिबायोटिक चालू आहे, तरी ताप उतरत नाही' असं धरून पुढचं ठरवलं असेल. कदाचित औषध बदललं असेल, कदाचित आणखी महागाचं लिहिलं असेल. ते सगळं तुझ्या एका सहीवर उभं आहे. एक इंजेक्शन चुकलं की पेशंट बहुतेक वेळा दोन असतात, आणि ज्याला काही टोचलं गेलं नाही तो आपल्या डोळ्यांसमोर येतच नाही.

म्हणून पहिल्या प्रश्नाचं उत्तर: सांग. उशीर झालाय, तरी सांग. मन हलकं होईल हा एक फायदा आहेच, पण सांगायचं कारण सात नंबर.

माझं सांगते. नोकरीचं तिसरं वर्ष असेल, मेल मेडिकल वॉर्ड. चंदगडकडचा एक आज्जा पायाच्या जखमेनं ॲडमिट होता, साखर वाढलेली. मुलगा मस्कतला कामाला, नुकताच सुट्टीवर आलेला. येताना बापासाठी इन्सुलिनच्या दोन बाटल्या घेऊन आला होता आणि त्यातलीच एक वॉर्डाच्या फ्रिजमध्ये ठेवली होती. रात्रीच्या जेवणाआधी २० युनिट अशी ऑर्डर. मी आपली नेहमीची लाल टोपीची सिरिंज घेतली, २० च्या रेघेपर्यंत भरलं, पोटाला दिलं. बाटली परत ठेवायला फ्रिज उघडला, तर आतला दिवा लेबलवर पडला. एका मिलीत १०० युनिट.

आपल्याकडे मेडिकलमध्ये मिळणारी बाटली बहुतेक करून एका मिलीत ४० युनिटची असते, आणि लाल टोपीची सिरिंज त्या ४० साठीच आखलेली असते. १०० च्या बाटलीला नारिंगी टोपीची सिरिंज लागते. लाल सिरिंजमध्ये २० ची रेघ म्हणजे अर्धा मिली. १०० च्या बाटलीतला अर्धा मिली म्हणजे ५० युनिट. आज्जाच्या पोटात अडीच पट इन्सुलिन गेलं होतं.

फ्रिजचं दार उघडंच राहिलं. मी किती वेळ तिथं उभी होते माहीत नाही, मिनिटभर असेल. त्या मिनिटात मनात काय काय येतं ते तुला सांगायला नको. मग मी इनचार्ज सिस्टरांकडे गेले. मला वाटलं होतं आता ओरडा बसणार. त्यांनी विचारलं, "किती वाजता दिलीस?" मी म्हटलं आठ वाजून दहा मिनिटांनी. "जेवला का?" नाही. "आधी जेवायला बसव, मी डॉक्टरांना फोन करते." बस्स, एवढंच. कारण काय, लक्ष कुठं होतं, हे त्यांनी दुसऱ्या दिवशी दुपारी विचारलं, चहा पाजून.

रात्रभर दर अर्ध्या तासाला बोटाला टोचून साखर बघितली. पावणेअकराला ५८ आली, आज्जाला दरदरून घाम फुटला. शिरेतून द्यायचं २५ टक्क्यांचं डेक्स्ट्रोज, म्हणजे साखरेचं पाणी, तयारच होतं, लगेच दिलं. पहाटेपर्यंत साखर १४० वर स्थिर झाली. साधं इन्सुलिन कातडीखाली दिलं की अर्ध्या तासात चढायला लागतं, दोन ते चार तासांत त्याचा जोर सगळ्यात जास्त असतो. म्हणजे मी सांगितलं नसतं, तर तो घाम रात्री अकराला, वॉर्डाचे दिवे बंद झाल्यावर, अंधारात आला असता. सगळ्यांना वाटलं असतं आज्जा गाढ झोपलाय.

सकाळी डॉक्टरांनी मुलाला बोलावून सगळं सांगितलं. मी शेजारी उभी होते. मुलगा चिडला, चिडायलाच हवं होतं. मग थोडा थांबून म्हणाला, "पण घरी सुनबाई हीच बाटली ह्याच सिरिंजनं देत होती की!" आठ दिवस. त्यात आज्जा दोनदा घाम येऊन अंगणात पडला होता. घरच्यांनी देवाचं काहीतरी असेल म्हणून अंगारा लावला होता. माझी चूक सांगितली गेली नसती, तर ती बाटली डिस्चार्जच्या पिशवीतून तशीच घरी गेली असती.

आता रजिस्ट्रेशनची भीती. तुझं नाव कर्नाटक राज्य नर्सिंग कौन्सिलकडे नोंदलेलं आहे, आणि एका डोसच्या चुकीनं, तीही पेशंटला इजा न होता स्वतःहून सांगितलेल्या चुकीनं, रजिस्ट्रेशन गेल्याचं माझ्या इतक्या वर्षांच्या नोकरीत मी पाहिलेलं नाही. हॉस्पिटल मेमो देईल, बोलणी बसतील, हे होऊ शकतं. कायद्याच्या बाजूनं, सर्वोच्च न्यायालयाचा २००५ चा जेकब मॅथ्यू खटल्याचा निकाल आहे. तो डॉक्टरांबद्दलचा आहे, पण त्यातली मोजपट्टी समजून घे: फौजदारी गुन्ह्यासाठी हलगर्जी घोर स्वरूपाची असावी लागते, साधी चूक किंवा निर्णयातली गफलत पुरत नाही. पेशंट दगावला तर मात्र भारतीय न्याय संहितेचं कलम १०६, हलगर्जीनं मृत्यू झाल्याचं, समोर उभं राहू शकतं, हेही खरं. मी तुला खोटा धीर देणार नाही.

अमेरिकेतली केस तू मोबाइलवर पाहिलीच असशील. टेनेसी राज्यात २०१७ च्या डिसेंबरमध्ये एका नर्सनं गुंगीच्या मिडाझोलामऐवजी व्हेक्युरोनियम दिलं. ते स्नायू लुळे पाडणारं औषध, श्वास थांबतो. पेशंट गेली. त्या नर्सनं चूक लगेच कबूल केली, आणि तरी २०२२ मध्ये तिला दोषी ठरवलं, तुरुंगाऐवजी तीन वर्षांचं प्रोबेशन, म्हणजे देखरेखीखाली राहणं, झालं. ती केस ऐकून पुष्कळ मुली म्हणाल्या, बघा, सांगितलं म्हणून अडकली. मला त्या केसमधली दुसरी गोष्ट जास्त लागते. मिडाझोलाम पातळ असतं, व्हेक्युरोनियमची पावडर असते, पाणी घालून विरघळवावी लागते. हातात पावडर आली तेव्हा एकदा थांबायला हवं होतं. 'हे नेहमीसारखं दिसत नाही' असं मनात आलं की हात तिथल्या तिथे थांबवायचा, मग बाहेर किती का घाई असेना.

कोर्टकचेरीत नर्सला सगळ्यात जास्त काय बुडवतं सांगू? खाडाखोड. व्हाइटनर लावलेला चार्ट, फाडलेलं पान, मागची वेळ घालून केलेली सही. आता कुणी तुला "सात नंबरच्या चार्टवर जरा दुरुस्त करून ठेव" म्हणालं तर करू नकोस. चुकलेल्या नोंदीवर एकच आडवी रेघ, खालचं वाचता येईल अशी, शेजारी 'चुकीची नोंद', आजची तारीख, आजची वेळ, सही. आठ दिवसांनी करतेयस तर आठ दिवसांनीच केलेलं दिसू दे.

तिसरा प्रश्न मोठा आहे.

फाइव्ह राइट्स तुला पाठ आहेत. योग्य पेशंट, योग्य औषध, योग्य डोस, योग्य मार्ग, योग्य वेळ. परीक्षेला आपण सगळ्याच धडाधडा लिहून आलो. पण त्या रात्रीही ते तुला पाठच होते ना? पाठ असल्यानं पेशंट योग्य होत नाही. कुठे पोचायचं ते त्यात आहे, कसं पोचायचं ते नाही. तू सात नंबरला ओळखलंस कशानं? बेड नंबरनं. बेड म्हणजे लोखंडी खाट. आपल्या वॉर्डात फॅनखालची खाट रिकामी झाली की नातेवाईक परस्पर पेशंट तिकडे हलवतात, दुपारी मोजले तर बेड आणि माणूस जुळत नाहीत.

मग नावानं ओळखायचं म्हटलं तर आपल्याकडे गावच्या गाव पाटील. एका वॉर्डात तीन लक्ष्मीबाई आणि दोन मारुती ही रोजची गोष्ट. त्यातून म्हातारी माणसं. "आज्जा, तुम्ही कल्लाप्पा ना?" "होय की." "बसाप्पा ना तुम्ही?" "होय की." सिस्टरला नाही म्हणायचं नाही, एवढंच त्यांना ठाऊक. म्हणून नाव आपण सांगायचं नाही, त्यांच्याकडून काढून घ्यायचं. "आज्जा, तुमचं नाव काय? गाव कुठलं?" कानडी पेशंट असेल तर "निम्म हेसरेन री?" आणि ते जे सांगतील ते हातातल्या पट्टीवरच्या आयपी नंबरशी, म्हणजे ॲडमिशनच्या नंबरशी, आणि चार्टशी जुळवायचं. दोन खुणा जुळल्याशिवाय सुई नाही. एकाच नावाचे दोन पेशंट असले तर मी दोघांच्या चार्टवर पहिल्याच दिवशी लाल पट्टी चिकटवते आणि हँडओव्हरला, म्हणजे ड्युटी बदलताना, मोठ्यानं सांगते.

आता आपल्या सीमाभागाचं. तुझ्या वॉर्डात एक सिस्टर निपाणीची, एक गोकाकची, एक केरळची. हँडओव्हर मराठी-कानडी-इंग्रजीची भेळ. भाषेवरून भांडणारे बाहेर भांडू देत, वॉर्डात सगळ्या भाषा आपल्याच आहेत. पण आकडे मात्र भाषांच्या फटीतून निसटतात, हे मी स्वतः पाहिलंय.

मराठीत सात आणि साठ. तुला-मला फरक स्वच्छ ऐकू येतो. बोलीभाषेतल्या कानडीत ठ-थ-ख असे उच्चार दाबून होत नाहीत, त्यामुळे 'साठ' चं 'साट' होतं, आणि फोनवर 'साट' आणि 'सात' यांत सहज गल्लत होते. इंग्रजीत फिफ्टीन आणि फिफ्टी, तोच प्रकार. आमच्याकडे एकदा इन्सुलिनच्या फोन ऑर्डरला हा घोटाळा होता होता राहिला, ऐकणारीनं "साठ? इतकं?" असं उलट विचारलं म्हणून. तेव्हापासून आमच्या वॉर्डात आकडा सुटा सांगतात: वन फाइव्ह, सिक्स झीरो. फोनवरची ऑर्डर आधी लिहायची, मग लिहिलेलं वाचून दाखवायचं, डॉक्टर 'हो' म्हणाले की मग औषध. आणि पुढच्या राउंडला त्यांची सही घ्यायचीच, त्यांना राग आला तरी.

दीड आणि अडीच हे शब्द तर मी वॉर्डात वापरूच देत नाही. कानडीत ओंदूवरे, एरडूवरे म्हणतात, 'दीड' ऐकून नवीन सिस्टर गोंधळते आणि विचारायला लाजते. गोळी तळहातावर मोडून दाखवायची.

लिहिलेल्या आकड्यांचं आणखी वेगळं. चंदगड, गडहिंग्लजकडून येणारे पेशंट घरची वही घेऊन येतात, नातवानं मराठी आकड्यांत लिहिलेली. मराठी १ हा देवनागरी न येणाऱ्या माणसाला इंग्रजी नवासारखा दिसतो. मराठी ५ हा इंग्रजी चारसारखा. नऊ गोळ्या वाचल्या तर कुणीही थांबून विचारेल. पण रक्त पातळ होण्याची गोळी ५ मिलिग्रॅमऐवजी ४ वाचली, तर ते अगदी खरं वाटतं, कुणी विचारतच नाही. अशी खरी वाटणारी चूकच आत शिरते. तू मराठी शाळेत शिकलीस, तुला हे कळतं. अशी वही आली की इंग्रजी आकड्यांत तूच उतरवून दे आणि खाली सही कर.

लिहिताना आणखी तीन गोष्टी. 'युनिट' हा शब्द पूर्ण लिहायचा, नुसता यू लिहिला की तो शून्यासारखा दिसतो आणि १० चे १०० होतात. १ ला १.० लिहायचं नाही, टिंब पुसट झालं की दहा. अर्ध्याला मात्र ०.५ असं शून्य घालूनच, नाहीतर पाच.

दिसायला सारखी औषधं तुला माहीत असतील: डोपामाइन-डोबुटामाइन, ॲट्रोपिन आणि ॲड्रेनालिनचे इवलेसे ॲम्प्युल, सेफोटॅक्झिम-सेफ्टाझिडिम-सेफ्ट्रायाक्झोनच्या पांढऱ्या पावडरी. पावसाळ्यात खानापूरकडे लाईट गेली की मोबाइलच्या उजेडात ॲम्प्युल वाचणं हे तर किती जणींनी केलंय. उपाय साधा आहे. सारखी दिसणारी औषधं शेजारी ठेवायची नाहीत, आणि लेबल तीनदा वाचायचं: कपाटातून काढताना, भरताना, रिकामं टाकताना. मला माझी चूक कळली ती तिसऱ्या वाचनाला. उशिरा कळली, पण कळली.

काही औषधांना मात्र एवढं पुरत नाही. पोटॅशियम क्लोराइडचा १० मिलीचा ॲम्प्युल आणि डिस्टिल्ड वॉटरचा १० मिलीचा ॲम्प्युल, दोन्ही आत पाण्यासारखे. पोटॅशियम मिलीइक्विव्हॅलंट या मापात मोजतात, त्या ॲम्प्युलमध्ये ते साधारण २० असतं. सलाईनमध्ये मिसळून तासाला १० च्या आसपास, हळूहळू गेलं तर औषध. थेट शिरेत ढकललं तर हृदय तिथल्या तिथे बंद. ते परत आणणं फार अवघड. तुमच्या वॉर्डाच्या ट्रेमध्ये पोटॅशियम सुटं पडलेलं असेल तर उद्याच इनचार्जना सांग, कुलपात जाऊ दे. रक्त पातळ करणाऱ्या हेपॅरिनचंही तसंच. ५ मिलीच्या दोन बाटल्या शेजारी, एकीत ५,००० युनिट, दुसरीत २५,०००. लेबर रूमला बाळंतिणीच्या झटक्यांसाठी मॅग्नेशियम सल्फेट असतं. पुढचा डोस देण्याआधी गुडघ्यावर टिचकी मारली की पाय उडतो का, श्वास मिनिटाला निदान सोळा, लघवी पुरेशी, हे बघायचं, आणि उतारा म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेटचा १० मिलीचा ॲम्प्युल त्याच ट्रेमध्ये हवा, शोधत फिरायला नको.

ह्या औषधांना दुसऱ्या सिस्टरची तपासणी लागते, आणि ती कशी करतात ह्यात सगळं आहे. "अगं, हे वीसच आहे ना, बघ गं" म्हणून लांबून सिरिंज दाखवली तर समोरची 'हो' म्हणणारच. तिला आकडा सांगायचा नाही. चार्ट आणि बाटली तिच्या हातात द्यायची, तिला स्वतः हिशेब करू द्यायचा, मग दोघींचं उत्तर जुळवायचं. रात्री वॉर्डात तू एकटीच असशील तर शेजारच्या वॉर्डातून बोलाव. दोन मिनिटं जातात, जाऊ दे.

राउंडच्या वेळी कोण कोण हाका मारतं ते आठव. सलाईन संपलं, बाथरूम कुठं, फोन वाजतोय, डिस्चार्जचा कागद कधी. सिडनीच्या दोन हॉस्पिटलांमध्ये ९८ नर्सनी दिलेल्या ४,२७१ औषधांचं निरीक्षण केलं होतं, २०१० मध्ये ते प्रसिद्ध झालं. दर अडथळ्यामागे चुकांचं प्रमाण साधारण १२ टक्क्यांनी वाढत होतं. आपल्याकडे तीस पेशंटला दोन सिस्टर, आणि प्रत्येक पेशंटमागे जीपभर माणसं. आम्ही काय केलं, तर आठ आणि दहाच्या राउंडला आयाबाईंना वॉर्डाच्या दारात बसवलं. सलाईनची हाक त्या घेतात, नळी बंद करतात आणि आम्हाला राउंड संपल्यावर सांगतात. नातेवाईकांना संध्याकाळीच सांगून ठेवतो की औषधाच्या ट्रेजवळ असताना सिस्टरला हाक मारू नका, तुमच्याच माणसाचं औषध आहे. लोक ऐकतात. कुणी मधेच थांबवलंच, तर हातातलं अर्धवट भरलेलं टाकून पहिल्यापासून भरायचं. आणि भरलेली सिरिंज लेबल न लावता खाली ठेवायची नाही, कधीच नाही. दोन पेशंटच्या दोन सिरिंजा एका ट्रेमध्ये घेऊन निघालीस, म्हणूनच त्या रात्री तसं झालं असणार. एक पेशंट, एक ट्रे, एक सही.

सहीबद्दल. आधी सही करून ठेवायची आणि मग औषध द्यायला जायचं, ही सवय लागली असेल तर आजच मोड. उलटंही तितकंच वाईट. एका इव्हिनिंगच्या सिस्टरनं रक्त पातळ होण्याचं इंजेक्शन पोटाला दिलं आणि सही राहिली, बस चुकेल म्हणून धावत निघून गेली. नाईटच्या मुलीनं चार्ट रिकामा बघून पुन्हा दिलं. तिची काय चूक? पेशंटला मात्र सकाळपर्यंत लघवीतून रक्त जायला लागलं. बरा झाला, पण चार दिवस जास्त राहिला. दिलं की लगेच, पेशंटजवळच, सही.

पेशंटला स्वतःला विचारायला विसरू नकोस. "ही गोळी मी सकाळीच घेतलो की बाई," असं एखादी आज्जी म्हणाली तर ती विसरभोळी आहे असं धरू नकोस. थांब, चार्ट बघ, पिशवी बघ. घरून आणलेल्या गोळ्यांची पिशवी उशाखाली असते, आणि तुम्ही देता तीच गोळी दुसऱ्या कंपनीच्या नावानं त्यात असते. ॲडमिट करतानाच ती पिशवी खाटेवर ओतून बघायची. डिस्चार्जला मेथोट्रेक्सेट असेल तर कार्डावर वार लिहायचा. सांधेदुखीला ते आठवड्यातून एकदाच असतं, रोज घेतलं तर माणूस मरू शकतो. कार्ड इंग्रजीत असेल तर पेशंटच्या भाषेत, मराठी तर मराठी, कानडी तर कानडी, तोंडी सांगून त्याच्याकडून वदवून घ्यायचं.

औषध बरोबर, डोस बरोबर, तरीही रिॲक्शन आली, तर ती चूक नव्हे. पण तीही कळवायची असते. भारतीय औषध दक्षता कार्यक्रमाचा टोल फ्री नंबर १८००-१८०-३०२४ आहे, नर्सलाही कळवता येतं.

तुमच्याकडे चुका नोंदवायचा इन्सिडंट फॉर्म नसेल, लहान हॉस्पिटलांत नसतो. एक साधी वही घाल, नावं न लिहिता: काय झालं, काय होता होता राहिलं, कशामुळे. २०१७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं औषधांमुळे होणारी टाळता येण्यासारखी गंभीर इजा पाच वर्षांत निम्म्यानं कमी करायची मोहीम काढली, आणि १७ सप्टेंबरला जगभर रुग्णसुरक्षा दिन पाळतात. त्या दिवशी त्या वहीतल्या तीन नोंदी सगळ्यांसमोर वाचा. आमच्या वहीत पहिलं पान माझ्या इन्सुलिनचं आहे. नवीन मुलगी रुजू झाली की मी तिला तेच पान आधी वाचायला देते.

तुझ्या थरथरणाऱ्या हाताबद्दल. चूक झालेल्या नर्सचं असंच होतं, माझं दोन महिने झालं होतं. मी प्रत्येक सिरिंज उजेडात धरून तीन-तीनदा बघायची, इतकी की राउंड संपायला तास जास्त लागायचा. इनचार्जना विनंती करून आठवडाभर हाय रिस्क औषधं दुसऱ्या सिस्टरबरोबर दे. झोप लागत नसेल तर महिनाभर अशीच ओढू नकोस, डॉक्टरांना दाखव. आणि घरी आईला नाहीतर नवऱ्याला, एका माणसाला तरी सांग.

उद्या मॉर्निंगचं हँडओव्हर झालं की इनचार्जना बाजूला घे. रडत बसू नकोस, सरळ सांग: अमुक तारखेला रात्री दहाला सात नंबरचं सेफ्ट्रायाक्झोन मी नऊ नंबरला दिलं, सात नंबरचा डोस राहिला, चार्टवर दिल्याची सही माझी आहे, मी तेव्हा सांगितलं नाही. मग दोघांच्या फाइली मागव. नऊ नंबरच्या जुन्या कागदांवर कुठल्या औषधाची ॲलर्जी लिहिलीय का ते बघ. सात नंबर कुठल्या गावचा होता आणि त्याचा फोन नंबर काय, ते रजिस्टरला मिळेल. त्याचा ताप उतरला का, एवढं विचारायला डॉक्टरांना तुझ्यासमोर फोन करायला सांग.